डाव्या अंगठ्याचा जबाब

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी सहाला उठून आक्काची वेणी घातली, मग तिला निऱ्या करून दिल्या. अपघातानंतर तिचा उजवा हात कोपरात थोडासाच वाकतो. चहाचा कपही तोंडापर्यंत येत नाही, मग वेणीसाठी पाठीकडे जाणं दूरच. एरवी शेजारीण येऊन वेणी घालून जाते. त्या दिवशी मी लातूरला होते म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दहा वाजता कोर्टात लोकअदालत होती आणि आक्काच्या दाव्यात विमा कंपनीशी तडजोड व्हायची होती.

"घट्ट ओढू नको," आक्का म्हणाली. "हॉस्टेलच्या पोरींच्या वेण्या घालून तुझा हात राकट झालाय."

"पोरी आपापल्या घालतात. मी नुसती बघते."

"तेच म्हणते मी. बघायचंच काम तुझं."

ती हसत बोलली होती. मी पिना लावल्या आणि कागदांची पिशवी उचलली.

किनवट तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका आहे. घर नांदेडला आहे, तिथे सुट्टीला जाते. आमच्या घरात कागदाचं काम निघालं की ते माझ्याकडे येतं, मग तो फेरफार असो, पेन्शन असो की दवाखान्याचा फॉर्म. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भावजी वारले तेव्हा भाची दहावीत होती. शेतातून दिराकडून वर्षाची ज्वारी आणि थोडी तूर यायची, तेवढ्यावर भागणारं नव्हतं. आक्काने लातूरला क्लासेसच्या भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मेस सुरू केली. डॉक्टर-इंजिनियर व्हायला आलेली बाहेरगावची पोरं-पोरी तिच्याकडे दोन्ही वेळा जेवायची. मुलींचे आईबाप आधी स्वयंपाकघर बघून जायचे. ताटात भाजी टाकलेली तिला चालत नसे. "तुझ्या आईला फोन लावू का?" असं ती विचारायची, आणि खरंच लावायची. भाचीचं कॉलेज त्या मेसवर झालं. घरात टीव्ही आला, फ्रिज आला, तेही त्यावरच.

हे सगळं मला ठाऊक होतं. सुट्टीत आले की मीसुद्धा तिथल्या पंगतीत बसायची.

भाचीसाठी स्थळ मीच आणलं होतं. धर्माबादचं घर, धान्याच्या अडतीचा व्यापार, मुलगा शिकलेला. मध्यस्थाने मला बजावलं होतं, "घर जुन्या वळणाचं हाय मॅडम, जरा बघून बोला." बघून बोलायचं म्हणजे काय, ते मी माझं ठरवलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आईने विचारलं, "आई काय करतात?" मी म्हटलं, "घरीच असते. शेतीचा वाटा येतो." आक्का तेव्हा आत पोहे करत होती. तिने ऐकलं असणार. पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या नोकरीचं मात्र दोनदा सांगितलंस."

माझी नोकरी सरकारी, ती सांगताना मला बरं वाटायचं. आक्काचं काम पोळ्या लाटायचं, ते सांगताना कमीपणा वाटायचा. आज हे सरळ लिहिता येतं. त्या वेळी मी त्याला व्यवहार म्हणत होते.

अपघात पुढच्या जानेवारीत झाला. आक्का पहाटे भाजी मंडईत गेली होती. परत येताना चौकात एक पांढरी कार जोरात आली आणि तिने रिक्षाला कडेने धडक दिली. रिक्षा उलटली, वरच्या छताचा दांडा आक्काच्या कोपरावर पडला. रिक्षावाल्याला खरचटलं तेवढंच. कारवाला पळाला नाही, गाडीचा विमा चालू होता, चूक कुणाची यावर वादच नव्हता. असली प्रकरणं सोपी असतात, असं नंतर वकीलबाई म्हणाल्या.

मी किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर अशा दोन गाड्या बदलून संध्याकाळी पोचले. तोवर हात बांधला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होऊन प्लेट बसवली. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला, भेटायच्या वेळेत, धर्माबादचे सोयरे आले. सोयरीक ठरत आलेली असताना दवाखान्यात भेटायला न येणं आमच्याकडे बरं दिसत नाही. ते चौघं आले होते, शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन. कॉटभोवती उभं राहायला जागा नव्हती. तेवढ्यात जबाब घ्यायला हवालदार आला. पाहुण्यांना बाहेर जा म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. उलट भाचीला मी चहा आणायला पाठवलं.

आक्का औषधांच्या गुंगीत होती. डोळे उघडे, पण शब्द जड येत होते. हवालदाराने कॉटच्या कडेला वही टेकवली. नाव मी सांगितलं, वयही मीच सांगितलं.

"धंदा?"

आक्काचे ओठ हलायला लागले होते. मी म्हटलं, "घरीच असते. गृहिणी."

त्याने लिहिता लिहिता विचारलं, "रिक्षावाला तर म्हणतो, रिक्षात वांग्याचं पोतं होतं अन् मेथीच्या वीस जुड्या. घरी किती माणसं?"

"कार्यक्रम होता घरी," मी म्हटलं. "पोरीच्या लग्नाचं चाललंय ना."

होणाऱ्या विहीणबाईंनी मान हलवली. मला वाटलं, बरं निभावलं.

"सही करतील का?"

"उजवा हात बांधलाय."

"मग डावा अंगठा द्या."

आक्का दहावी शिकलेली. तिची सही वळणदार आहे. मी तिचा डावा अंगठा धरला, शाईच्या डबीवर टेकवला आणि कागदावर दाबला. तिने हात ओढून घेतला नाही, पण माझ्याकडे बघत राहिली. नंतर मी कापसाने तिचा अंगठा पुसला. शाई पुरती निघाली नाही.

हाडं जुळली, पण हात सरळ झाला नाही. चार महिने व्यायाम करून पाहिला. कणीक मळायला कोपरातून जोर लागतो, तो आला नाही. पोरं दुसऱ्या मेसमध्ये गेली. वार्षिक परीक्षा होत्या, ती तरी किती थांबणार? भाचीचं लग्न ठरल्याप्रमाणे मे महिन्यात झालं. त्यानंतर मी भरपाईच्या मागे लागले. दवाखान्यात एका वकिलाचा माणूस कार्ड देऊन गेला होता. मिळेल त्यातली टक्केवारी घ्यायची त्याची तयारी होती. मला ते पटलं नाही. बाईमाणसाला कोर्टातून वकील फुकट मिळतो हे मला वसतिगृहातल्या एका शिबिरात कळलं होतं. मी लातूरच्या कोर्टात जाऊन मोफत विधी सेवेच्या खोलीत अर्ज भरला, एकही रकाना मोकळा ठेवला नाही, आणि पंधरा दिवसांत आम्हाला वकीलबाई मिळाल्या. वयाने माझ्या भाचीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मला माझंच कौतुक वाटलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी कागद चाळले आणि आक्काला विचारलं, "मावशी, अपघाताआधी काय करत होता?"

"मेस चालवत होते." आक्काने सगळं सांगितलं. पहाटे चारचं उठणं, दोन वेळचं जेवण, हाताखाली ठेवलेली एक बाई. वकीलबाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी पोलिसांच्या कागदातलं एक पान काढलं, वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"इथे तर गृहिणी लिहिलंय. भाजी घरच्या कार्यक्रमाची होती, असंही लिहिलंय. हे कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग समजावून सांगितलं. घरकाम करणाऱ्या बाईलाही भरपाई मिळते, पण तिचं उत्पन्न अंदाजाने धरतात आणि ते कमी धरतात. हात गेल्यामुळे चालता धंदा बसला हे मांडायचं तर धंदा होता हे दिसलं पाहिजे. "मेसचे काही कागद?"

कागद नव्हते. किराणावाला चिठ्ठीवर माल द्यायचा, आणि कोर्टाचं नाव काढताच त्याने हात वर केले. पोरांचे पैसे मोबाईलवर यायचे, पण आक्काचा फोन साधा, म्हणून नंबर भाचीचा दिला होता. म्हणजे पैसे भाचीच्या खात्यात, आणि ते मेसचे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. हाताखालची बाई काम शोधत दुसऱ्या गावी गेली होती. पोरं पांगली होती. एका मुलीचे वडील देगलूरहून यायला तयार झाले आणि तारखेला आले नाहीत.

"मग एकच रस्ता आहे," वकीलबाई मला म्हणाल्या. "मावशी स्वतः सांगतीलच. पण तो जबाब त्यांनी दिलेला नाही, त्या शुद्धीत नव्हत्या, शब्द तुमचे होते आणि ते खरे नव्हते, हे तुम्ही साक्षीला उभं राहून सांगायचं."

"का सांगितलं असं विचारलं तर?"

"खरं कारण सांगायचं. कंपनीचे वकील विचारतील, तुम्ही सरकारी नोकर, पोलिसांना खोटं सांगितलंत का? तेव्हा हो म्हणायचं."

"याचं माझ्या नोकरीवर काही येईल का?"

"बहुतेक नाही येणार, ताई. पण तसं तुम्हाला लेखी कुणी देणार नाही."

मी म्हटलं, विचार करून सांगते. आक्का खिडकीबाहेर बघत होती.

दिवाळीत भाचीला आणायला मी धर्माबादला गेले. विहीणबाईंनी शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाल्या, "आक्काची सर नाही बरं का हिला. माझ्या भावाची पोरगी दोन वर्षं त्यांच्याच मेसला जेवली. लई नाव काढायची."

माझा घास हातात राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"आता काय बोलावं तुम्हाला. चौकशी न करता सून करून राहिलोय का आम्ही? एकटी बाई एवढी पोरं सांभाळती, तिची लेक आळशी नसणार, म्हणून तर हाव म्हटलं ह्यांनी."

"मग त्या दिवशी दवाखान्यात बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलून राहिला होता. मला वाटलं, पोलिसांपुढं तसं सांगायचं असतंय. शिकलेल्या माणसाला आम्ही काय शिकवावं?"

मी नांदेडला येईपर्यंत खिडकीशी बसून होते आणि भाचीशी धड बोलले नाही. ज्यांच्यासाठी खोटं बोलले त्यांना ते नकोच होतं. त्या दिवशी दवाखान्यात खरं काय ते माहीत नसलेला माणूस एकच होता, आणि तो लिहून घेत होता.

त्यानंतर तरी मी साक्षीला उभं राहायला हवं होतं. पहिल्या तारखेला वसतिगृहाची तपासणी होती. दुसऱ्या तारखेला दोन मुलींना टायफॉईड निघाला. तिसऱ्या तारखेला मलाच ताप होता. तिन्ही कारणं खरी आहेत, आणि तिन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं हेही तितकंच खरं. आक्काने एकदाही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. "लोकअदालतीत घालू का म्हणून विचारून राहिल्यात वकीलबाई. तडजोड करून टाकू. तुलाही सारखं यायला नको."

मी म्हटलं, "तुझं तू बघ." अजून एखादी तारीख थांब, मी येते, असं म्हणता आलं असतं.

लोकअदालत कोर्टाच्या मोठ्या हॉलमध्ये होती. लग्नासारखी गर्दी, पंखे वरून गरगरत होते, टेबलामागे टेबलं मांडलेली. आमच्या टेबलावर न्यायाधीश, त्यांच्या शेजारी पॅनेलवरचे आणखी एक वकील, आणि समोर विमा कंपनीचे वकील नि अधिकारी. अधिकारी गोड बोलणारा होता. "मावशी, साहेबांनी रक्कम बरी धरली आहे. घरकाम काय, एका हाताने थोडंफार होतंच की."

"तुमच्या घरी येऊन बघू का, एका हातानं किती होतंय ते?" आक्का म्हणाली. दोन-तीन माणसं हसली. अधिकारीही हसला आणि रक्कम थोडी वाढवून लिहिली.

कागद तयार झाला. वर अर्जदाराचं नाव, वय, आणि त्याखाली व्यवसाय घरकाम. वकीलबाईंनी तो आक्काला वाचून दाखवला. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, राजीखुशीने करताय ना? कुणी दबाव आणला नाही?"

"न्हाई साहेब. पण एक विचारू?"

"विचारा."

"मी मेस चालवत होते, एवढी एक ओळ यात लिहिता येईल का? पैसे वाढवू नका."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ते चांगले माणूस होते. "तडजोडीच्या कागदात दोन्ही बाजूंना मान्य आहे तेवढंच येतं, बाई." त्यांनी कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं.

"मान्य नाही, सर. रेकॉर्डवर उलट आहे."

"कोण आहे का सांगणारं?" न्यायाधीशांनी सहज विचारलं, जसं भरलेल्या वर्गात विचारतात.

मी आक्काच्या खुर्चीमागे होते. तिची वेणी माझ्या हाताला लागत होती. दोन वाक्यं पुरली असती. त्यांनी कागद बदलला असता की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसता. पण तिने ती ऐकली असती. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग मी हातातल्या पिशवीतले कागद सारखे करू लागले.

आक्काने मागे वळून पाहिलं नाही. तिने डाव्या हाताने सही केली. ती सही ती वर्षभर वहीत गिरवून शिकली आहे. पुढच्या टेबलाची माणसं आमच्या खुर्च्यांवर बसायला आलीसुद्धा.

घरी येताना रिक्षात ती वकीलबाईंचं कौतुक करत होती. पोरगी गुणी आहे, तिला एक साडी घ्यायला हवी. मी हो हो म्हटलं. संध्याकाळी मी पिठलं-भात केला. जेवताना मी म्हटलं, "आक्का, मी बोलायला पाहिजे होतं."

"हाव," ती म्हणाली. तिने भाताचा घास डाव्या हाताने उचलला. "पण तुझं असंच आहे. तुला समोर कागद लागतो. माणूस समोर असला की तुझं काही चालत नाही."

"मी घाबरले नोकरीसाठी."

"ते मला कळलं होतं. म्हणून तर तडजोड केली. मीठ दे इकडं."

ती रागावली असती तर मला काही करता आलं असतं. तिने मीठ घेतलं, ताट पुसून खाल्लं आणि टीव्ही लावला.

रविवारी सकाळी मी साडेपाचला उठले. पिशवीतून कोरा कागद घेतला आणि ओट्याजवळ उभं राहून लिहिलं. माझी थोरली बहीण भावजी वारल्यापासून अपघाताच्या दिवसापर्यंत लातूर येथे मेस चालवत होती. तिच्याकडे रोज बावीस विद्यार्थी दोन वेळा जेवत असत. त्या उत्पन्नावर तिचं घर चाललं. ती गृहिणी आहे आणि भाजी घरच्या कार्यक्रमाची होती, असं पोलिसांना मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. ते तिने सांगितलं नव्हतं. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही. शिक्का वसतिगृहात होता, नाहीतर तोही मारला असता.

आक्का उठून आली तेव्हा मी तो तिच्या हातात दिला. चष्मा लावून, उजेडाकडे धरून तिने तो सावकाश वाचला.

"आता याचा काय उपयोग?"

"काही नाही."

"मग नीट तरी लिही. बावीस नव्हती, सव्वीस होती. परीक्षेच्या दिवसांत तीसच्या वर जायची. अन् रविवारी संध्याकाळी बंद असायची, तेही लिही. एक बाई कामाला ठेवली होती, तिचा पगार मी कधी थकवला नाही, ते लिही."

मी दुसरा कागद घेतला. ती खुर्चीत बसून सांगत गेली आणि मी लिहीत गेले. पोरींना आजारपणात मऊ भात वेगळा शिजवायची, ते तिने सांगितलं, मी लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. सही करून मी तो तिला दिला, पहिला कागद फाडून टाकला आणि साडेआठच्या नांदेड गाडीला निघाले.